मागायचे तरी कशाला? प्रार्थनेविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकात घेतलेले सगळे प्रश्न प्रार्थनेचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही पत्रांत घरातली दुखणी आहेत, म्हणून कोणाचेच नाव छापलेले नाही.

प्रश्न: आपण मागण्याअगोदरच आपली गरज देवाला ठाऊक असते, असे बायबलच सांगते. मग मागायचे कशाला? आमच्या अभ्यासगटात एक जण म्हणतो, प्रार्थनेने फक्त आपण बदलतो, बाकी काही होत नाही. हे बरोबर आहे का?

अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे मात्र पुष्कळांची प्रार्थना सुटते.

तुम्ही म्हणता ते वचन मत्तय ६:८ मध्ये आहे. पुढचेच वचन वाचा. 'म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा' असे म्हणून येशू लगेच प्रभूची प्रार्थना शिकवतो. पित्याला ठाऊक आहे, म्हणून मागू नका असे तो म्हणत नाही. ठाऊक आहे, म्हणून निर्धास्त मागा असे म्हणतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला सगळे समजावून सांगावे लागते, पटवावे लागते, शब्दांचा मारा करावा लागतो. ते नको, हे त्याच्या आधीच्या, ६:७ या वचनात आहे. जाणणाऱ्या पित्यापुढे दोन वाक्येही पुरतात.

हा प्रश्न जुना आहे. सुमारे ४१२ साली प्रोबा नावाच्या रोमी विधवेने ऑगस्टीन या बिशपाला प्रार्थनेविषयी विचारले, तेव्हा त्याने लिहिलेल्या लांबलचक पत्रात हाच मुद्दा येतो. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: देव आपल्याला मागायला लावतो ते आपली इच्छा त्याला कळावी म्हणून नव्हे. त्याला द्यायचे आहे ते मोठे आहे आणि घेण्याची आपली ऐपत लहान आहे. मागता मागता ती वाढते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने दुसरी बाजू मांडली. देवाने काय घडावे हे जसे ठरवले, तसे ते कशामुळे घडावे हेही ठरवले. पीक तो देतो, पण पेरणीतून. तसेच काही गोष्टी तो प्रार्थनेतून देतो.

म्हणून 'फक्त आपण बदलतो' हे आम्हाला मान्य नाही. याकोब ४:२ स्पष्ट सांगते की तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही. निर्गम ३२ मध्ये मोशे लोकांसाठी मध्ये पडतो आणि देव ऐकतो. प्रार्थना हा नुसता मनाचा व्यायाम असता, तर दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यात काही अर्थच उरला नसता, आणि पौलाची पत्रे तर अशा प्रार्थनांनी भरलेली आहेत.

एकच हेतू सांगा म्हणाल, तर पित्याशी लेकरासारखे नाते जगणे, हा. मागणे त्या नात्याच्या आत येते. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत ११६ वा प्रश्न आहे: ख्रिस्ती माणसाला प्रार्थना का आवश्यक आहे? उत्तराची सुरुवातच अशी की, देव आपल्याकडून जी कृतज्ञता मागतो तिचा तो मुख्य भाग आहे. विनवणी कृतज्ञतेच्या खात्यात कशी, असे प्रथम वाटते. पण जो मागतो तो कबूल करतो की आपल्याकडचे सगळे कुणीतरी दिलेले आहे. जो कधीच मागत नाही, तो आभार तरी कोणाचे मानणार?

प्रश्न: प्रभूची प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे. अर्ध्या मिनिटात म्हणून होते आणि काय म्हटले ते आठवतही नाही. तिचा खरा उपयोग कसा करायचा?

ती म्हणण्यासाठी आहेच, शिवाय ती प्रार्थनेचा आराखडाही आहे. मत्तय ६:९-१३ मध्ये ती सविस्तर येते, लूक ११:२-४ मध्ये आटोपशीर. शेवटची 'राज्य, पराक्रम व गौरव' ही ओळ मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून काही मंडळ्या ती लगेच जोडून म्हणत नाहीत. त्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये.

आधी तिचा क्रम पाहा. पहिल्या तीन विनंत्या 'तुझे' म्हणतात: तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. त्यानंतर 'आम्हाला' येते: भाकर, क्षमा, परीक्षेपासून व वाइटापासून सुटका. आपली नेहमीची प्रार्थना नेमकी उलटी धावते. आपण भाकरीपासून सुरू करतो, आणि वेळ उरला तर देवाच्या नावाकडे वळतो. आणखी एक, सगळ्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. खोलीचे दार लावून एकट्याने म्हणतानाही 'आमची भाकर' असेच म्हणायचे आहे.

आता कृती. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये पीटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी, प्रार्थना कशी करावी हे एका छोट्या पुस्तकात लिहून दिले. त्यात दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञा घेऊन तिचे चार पदर उलगडायला तो सांगतो: ही मला काय शिकवते, हिच्यासाठी आभार कशाचे मानू, हिच्यापुढे माझे काय चुकते, आणि आता काय मागू. हेच चार पदर प्रभूच्या प्रार्थनेलाही चांगले लागू पडतात. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ घेऊन पाहू.

शिकवण: रोजची आणि आजची, एवढेच मागायचे आहे, वर्षभराची बेगमी नाही. आणि भाकर मागणे हलके नाही, प्रत्यक्ष येशूने ते शिकवले आहे.
आभार: आज सकाळी पोटात काय गेले? ते पिकवणारे, आणणारे, रांधणारे कोण? शक्यतो नावे घ्या.
कबुली: उद्याची काळजी करून आजचे जेवण बेचव केले का? 'आमची' म्हणताना ताटात फक्त स्वतःचेच पाहिले का?
विनंती: घरखर्च, नोकरी, औषध, फी, जे काही आहे ते सरळ मागा. मग ज्यांच्या घरी आज चूल पेटणार नाही त्यांच्यासाठी मागा.

एका विनंतीला दोन-तीन मिनिटे लागतात. सहा विनंत्या म्हणजे पंधरा मिनिटे, आणि तितका वेळ नसेल तर रोज एकच घ्या. आठवड्यात सगळी प्रार्थना होऊन एक दिवस उरतो. ल्यूथरचा एक सल्ला जरूर पाळावा. एखाद्या ओळीवर मन भरून आले तर बाकीच्या ओळी सोडून द्या आणि तिथेच थांबा. त्याने आणखी एक इशारा दिला आहे: 'थोडे थांब, आधी एवढे काम उरकतो' हा विचार आला की त्या दिवशी प्रार्थना बहुधा होत नाही. पाचशे वर्षांत यात काही फरक पडलेला नाही.

'जशी आम्ही क्षमा केली आहे' या ओळीवर मात्र घाई करू नका. सगळ्या प्रार्थनेत येशूने पुन्हा वळून स्पष्टीकरण दिले आहे ते एवढ्याच ओळीचे (मत्तय ६:१४-१५). इथे जीभ अडखळली तर ते बरेच लक्षण आहे. ज्याच्यापाशी अडखळली त्याचे नाव देवासमोर घ्या. क्षमा करणे अजून जमत नसेल तर 'जमत नाही' असेच सांगा, आणि जमावे म्हणून मागा.

प्रश्न: डोळे मिटले की पाच मिनिटांत मन बाजारात, कामावर, भांडणात. कधी चक्क डुलकी लागते. काय करावे?

येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रेषितांना झोप लागली होती, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

मन भटकण्याची कारणे बहुतेक वेळा अगदी व्यावहारिक असतात. पहिले, वेळ चुकलेली असते. रात्री अंथरुणात पडल्यावर सुरू केलेली प्रार्थना झोपेत विरणारच. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला. प्रत्येकाला पहाट जमेल असे नाही, पण अंग ताजे असेल अशी एक ठरलेली वेळ हवी. दुसरे, प्रार्थना गरजेपेक्षा लांब असते. बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या विसाव्या अध्यायात तो म्हणतो की प्रार्थना शुद्ध आणि थोडक्यात असावी. दिवसातून कितीतरी वेळा उपासनेला जमणाऱ्या संन्याशांना तो हे सांगतो आहे! आपण मात्र पहिल्याच दिवशी तासाचा संकल्प सोडतो आणि चौथ्या दिवशी प्रार्थनाच सोडतो. दहा मिनिटे ठरवा. महिनाभर ती टिकली तर वाढवा.

तिसरे कारण म्हणजे सगळे मनातल्या मनात चाललेले असते. तोंडाने म्हणा, निदान ओठ हलवा. आधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्यातल्याच एका ओळीवरून सुरुवात करा. कोऱ्या मनाने सुरू केले की मन आपल्या सवयीच्या वाटेने जाते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबल त्याच मोबाइलवर वाचत असाल तर प्रार्थनेपुरते छापील वापरा. जवळ कागद आणि पेन ठेवा. 'गॅस बुक करायचा आहे' असे आठवले तर लिहा आणि परत या. तो विचार ढकलत बसण्यात जितका वेळ जातो तितका लिहिण्यात जात नाही.

मन पुन्हा पुन्हा त्याच भांडणाकडे किंवा त्याच पैशाच्या विवंचनेकडे जात असेल, तर तो अडथळा समजू नका. आजच्या प्रार्थनेचा विषय तोच आहे. 'प्रभू, मला याच गोष्टीची भीती वाटते' असे म्हणून तीच गोष्ट पुढे ठेवा. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये तर हेच सांगितले आहे, ज्याची चिंता वाटते तेच आभारासह देवाला कळवा.

प्रश्न: एका गोष्टीसाठी कितीतरी वर्षे प्रार्थना चालू आहे. उत्तर नाही. मंडळीतले काही जण म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतो किंवा एखादे लपलेले पाप असेल. मी काय समजू?

आधी जे म्हणतात त्यांच्याविषयी. ईयोबाचे मित्रही हेच म्हणत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो (ईयोब ४२:७).

अडथळ्यांविषयी पवित्र शास्त्र बोलते, हे खरे. चैनीसाठी मागणे (याकोब ४:३), भावाशी वैर ठेवून वेदीपाशी येणे (मत्तय ५:२३-२४), हात रक्ताने माखलेले असणे (यशया १:१५). पेत्राचे पहिले पत्र ३:७ तर नवऱ्यांना बजावते की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. या वचनावर प्रवचने फारशी ऐकू येत नाहीत, यायला हवीत. पण ही सगळी वचने स्वतःची झडती घेण्यासाठी आहेत. एकदा प्रामाणिकपणे झडती घ्या. काही सापडले तर दुरुस्त करा, नाही सापडले तर उकरत बसू नका. दुःखात असलेल्या दुसऱ्या माणसावर ही वचने फेकण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही.

विश्वासाचे मोजमापही तसेच. मार्क ९:२४ मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप म्हणतो, विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. येशूने त्याला परत पाठवले नाही, मुलगा बरा झाला. उलट पौलासारख्या माणसाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. मिळाले ते वेगळे, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' (करिंथकरांस दुसरे पत्र १२:७-९). आणि गेथशेमानेत पुत्रानेच प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख, टळावा म्हणून मागितले. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे येशूने शेवटी म्हटले, सुरुवातीला नाही. हा क्रम लक्षात ठेवा. आधी त्याने आपल्याला काय हवे ते उघड मागितले आणि तेच तीनदा मागितले. पुष्कळ भाविक लोक नकाराचे दुःख नको म्हणून पहिल्याच वाक्यात 'तुझी इच्छा' म्हणून मोकळे होतात. तो समर्पणाचा आव असतो, आत खरे मागणे टाळलेले असते. आधी मागा, मग सोपवा.

तुमच्यासाठी एक कृती सुचवतो. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. सर्वांत आटोपशीर नमुना म्हणजे तेरावे स्तोत्र. अवघी सहा वचने. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे, तीही थेट देवाकडे, आणि 'किती वेळ' असे चार वेळा विचारले आहे. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. एक कागद घेऊन असेच तीन परिच्छेद स्वतःचे लिहा. पहिला परिच्छेद सोवळा करू नका. वर्षे किती झाली, काय गमावले, कशाचा राग येतो, ते सगळे लिहा. दुसऱ्यात एका वाक्यात नेमके काय हवे ते लिहा. तिसरा परिच्छेद सुचला नाही तर कोरा ठेवा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला भरवशाचा शेवट नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

मागणे किती दिवस चालू ठेवावे, याला ठरलेले उत्तर नाही. लूक १८ मधली विधवा थांबली नाही, पौल तीन वेळांनंतर थांबला. पौलाला उत्तर मिळाले होते म्हणून तो थांबला. तुम्हाला तसे काही स्पष्ट झालेले नसेल तर मागत राहायला पूर्ण मोकळीक आहे. रोज मागणे सोसवत नसेल तर आठवड्याचा एक दिवस ठरवा, आणि इतर दिवशी तुमच्या वतीने मागायला एखाद्या विश्वासू माणसाला सांगा.

प्रश्न: घरात आजारपण आहे. एका प्रार्थनासभेत सांगितले की गोळ्या बंद करा, गोळी घेणे म्हणजे अविश्वास. खरे आहे का?

नाही. गोळ्या बंद करू नका.

याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. वैद्याला हाकलून द्यावे असे तिथे कुठेही नाही. पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (तीमथ्याला पहिले पत्र ५:२३). 'फक्त प्रार्थना कर' असे म्हणत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये असलेल्या सिराखच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय आधी प्रार्थना कर म्हणतो आणि मग वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले.

शास्त्रीय पुरावा आहे का, असेही याच पत्रात विचारले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण त्यात होते. अनोळखी लोकांनी काही रुग्णांसाठी ठरलेले दिवस प्रार्थना केली. गुंतागुंतीच्या प्रमाणात फायदा दिसला नाही: प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात तर ५९ टक्के. काही ख्रिस्ती लोक हा निकाल लपवतात, काही जण त्याने हादरतात. दोन्हींची गरज नाही. प्रार्थना ही मात्रा ठरवून द्यायची वस्तू नाही, ती एका व्यक्तीला केलेली विनंती आहे, आणि विनंती ऐकणाऱ्याला स्वतःची इच्छा असते. शिवाय त्या रुग्णांचे नातेवाईक काय करत होते, हे कोण मोजणार? पण 'प्रार्थना केली की आकडे सुधारतात' असा दावाही मग कोणी करू नये.

डॉक्टरांकडे जाताना प्रार्थना करा, डॉक्टरांसाठीही करा. जो कोणी उपचार थांबवायला सांगतो, त्याच्या सभेला पुन्हा जाऊ नका.

प्रश्न: सभेत अचानक 'आता तुम्ही प्रार्थना करा' असे सांगतात आणि माझी त्रेधा उडते. काही ठरावीक रीत आहे का?

आहे, आणि शेकडो वर्षे वापरात आहे. पश्चिमेकडच्या मंडळ्यांच्या उपासनेत एक छोटी प्रार्थना असते, तिचे पाच भाग पडतात. देवाला हाक, तो कसा आहे किंवा त्याने काय केले ते, एकच विनंती, ती कशासाठी, आणि शेवटी येशू ख्रिस्ताद्वारे. १५४९ मध्ये थॉमस क्रॅन्मरच्या देखरेखीखाली तयार झालेल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात अशा कितीतरी प्रार्थना आहेत. कामधंदा सुटलेल्यांसाठी आम्ही एक बांधून दाखवतो:

'हे पित्या, / रानात आपल्या लोकांना रोज मान्ना पुरवणाऱ्या देवा, / ज्यांचे काम सुटले आहे त्यांना काम मिळू दे, / म्हणजे त्यांना आपल्या घरच्यांचा सांभाळ करता येईल आणि गरजवंताला देण्यासाठी त्यांच्या हाती काही उरेल. / आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.'

अर्ध्या मिनिटाचे काम. दुसऱ्या भागाचा तिसऱ्याशी मेळ हवा, सगळी गोम तिथे आहे. मान्ना देणाऱ्याकडे पोटाचे मागितले म्हणून वरची प्रार्थना उभी राहते. आजाऱ्यासाठी मागायचे असेल तर कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या येशूची आठवण करा. चौथा भाग सहसा गळतो, आणि तो गळला की प्रार्थना नुसती मागण्यांची यादी होते.

सार्वजनिक प्रार्थना बिघडते ती ठरलेल्या ठिकाणी. डोळे मिटून प्रवचन देणे. 'प्रभू, तुला ठाऊकच आहे की मंगळवारी यांच्या घरी काय झाले' असे म्हणत सगळ्यांना बातमी पोचवणे. दर तीन शब्दांनी 'प्रभू' म्हणणे. इतरांनी मागितलेले पुन्हा सगळे मागणे. दोन मिनिटांच्या आत थांबा. ऐकणाऱ्यांना मनापासून 'आमेन' म्हणता आले पाहिजे. पौलाने करिंथ येथल्या मंडळीला घातलेली कसोटी ही (करिंथकरांस पहिले पत्र १४:१६), आणि ज्याचे म्हणणे कळलेच नाही त्याला आमेन कसा म्हणणार?

प्रश्न: शेवटी 'येशूच्या नावाने' म्हटले नाही तर प्रार्थना पोचत नाही का?

पोचते. प्रभूच्या प्रार्थनेतच ते शब्द नाहीत. योहान १४:१३ मधले 'माझ्या नावाने' म्हणजे त्याच्या वतीने, त्याला शोभेल असे, त्याच्यामुळे मिळालेल्या प्रवेशाच्या जोरावर. ते शब्द मंत्रासारखे वापरले की काय होते ते प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये वाचा. स्किवाच्या सात मुलांनी नाव तेवढे उचलले आणि उघडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले. तरी शेवटी ते शब्द म्हणण्याची सवय चांगली आहे. म्हणण्यापूर्वी एकदा मनाशी विचारा, आता मी जे मागितले त्याखाली येशूचे नाव घालता येईल का? शेजाऱ्याचा धंदा बुडावा असे मागितले असेल तर नाही घालता येणार.

प्रश्न: छापील प्रार्थना म्हणणे म्हणजे व्यर्थ बडबड, असे आमच्याकडे मानतात. तुमचे मत?

येशूने गेथशेमानेत पुन्हा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). एकशेछत्तिसाव्या स्तोत्रात एकच पालुपद सव्वीस वेळा येते. वधस्तंभावरच्या त्याच्या आरोळ्यांपैकी दोन स्तोत्रांतल्या आहेत, बाविसाव्या आणि एकतिसाव्या. पाठ असलेले शब्दच त्या घटकेला कामी आले. बडबड छापील शब्दांचीही होते आणि उत्स्फूर्त शब्दांचीही. उत्स्फूर्त म्हणवणाऱ्या प्रार्थना महिनाभर लिहून काढा, तीच चार वाक्ये सापडतील. दोन्ही ठेवा. शब्द सुचतात तेव्हा आपले, सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रातले. तेही जमले नाही तर पूर्वेकडच्या मंडळ्यांतली प्रार्थना आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' श्वासाबरोबर, सावकाश, चालताना किंवा दवाखान्याच्या रांगेत. आणि नुसते कण्हणे उरले, तर पवित्र आत्मा त्यातच आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस ८:२६ सांगते.

प्रश्न: माझ्या मध्यस्थीच्या वहीत इतकी नावे झाली आहेत की वाचतानाच दम लागतो. एकही नाव गाळले तर अपराधी वाटते.

वहीचे सात भाग करा. घरातली माणसे रोज, बाकीची दिवसांवर वाटून. एका दिवशी पाच-सहा नावांपेक्षा जास्त नकोत. एक दिवस राज्यकर्त्यांसाठी ठेवा, आवडते असोत वा नसोत (तीमथ्याला पहिले पत्र २:१-२), आणि एक ओळ ज्याने तुमचे वाईट केले त्याच्यासाठी. नावापुढे फक्त 'आशीर्वाद दे' असे नको, एक नेमकी गोष्ट लिहा: परीक्षा, कर्ज, एकटेपणा. तारीख घाला. तीन महिन्यांनी वही चाळा. जिथे उत्तर मिळाले तिथे आभार लिहा. बहुतेक जण हे विसरतात. जिथे गरज संपली ते नाव खोडा, त्यात अपराध नाही.

नाव घेतल्यावर क्षणभर थांबून पाहा, याच्यासाठी आज मला काही करता येईल का? फोन, डबा, उसने पैसे. उघड्या-उपाशी भावाला 'ऊब घे, तृप्त हो' एवढेच म्हणणाऱ्याला याकोब २:१५-१६ चांगलेच सुनावते.

प्रश्न: गुडघे दुखतात. बसून प्रार्थना चालेल का?

चालेल. बायबलमध्ये लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून, हात वर करून प्रार्थना करतात. ३२५ सालच्या निकेया परिषदेने तर रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असा नियमच केला (विसावा). पाठ ताठ राहील अशी खुर्ची घ्या, म्हणजे डुलकी लागणार नाही.